धपाट्यांवर जमवलेला डाव

"फुकटचं अंगी लागत न्हाई," असं म्हणून आमच्या होस्टेलच्या काकूंनी एकदा माहूरच्या देवीच्या प्रसादाचीसुद्धा परतफेड केली होती. आईने माहूरहून आणलेला प्रसाद मी त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो कपाळाला लावला, खाल्ला आणि लगेच आत जाऊन भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली. मी म्हटलं, "काकू, प्रसादाचं कसलं देणंघेणं?" तर म्हणाल्या, "देवीचं देवीजवळ. वझं तू आणलंस ना इतक्या लांबून?"

तुम्ही किंवा तुमच्या घरचं कुणी लातूरला शिकायला राहिलं असेल, तर अशा काकू तुम्हीही पाहिल्या असतील. क्लासेसच्या गल्लीत दोन घरांआड एक मुलींचं होस्टेल, आणि प्रत्येक होस्टेलच्या दारात खुर्ची टाकून बसलेली एक बाई. मालक भाडं न्यायला येतो. राज्य हिचं असतं. आमच्या काकू उंच, काटक, कमरेला किल्ल्या, आणि आवाज असा की वरच्या मजल्यावरची पोरगी उशीत तोंड घालून रडत असली तरी खालून "रडून झालं की जेवायला ये गं" ऐकू यायचं. मी देगलूरची, मेडिकलच्या परीक्षेला दुसऱ्यांदा बसलेली. अशा मुलींना काकू "जुनी खोडं" म्हणत आणि चहा थोडा जास्त देत.

काकू भूकंपातल्या. किल्लारीकडच्या एका गावात त्यांचं सासर आणि माहेर दोन्ही होतं, आणि त्या पहाटे दोन्ही गेलं. याबद्दल त्या बोलत नसत. फक्त एकदा, आमच्यातली एक जण जुने कपडे कुणाला तरी द्यायला काढत होती, तेव्हा म्हणाल्या, "धुऊन, शिवून, घडी घालून दे. आमाला रांगेत उभं करून जरीची फाटकी साडी दिली होती. मातीत बसलेल्या बाईला जर काय करायची गं?" त्या साडीपासून त्यांनी कुणाकडून काही फुकट घेतलेलं नव्हतं.

भूकंपाने त्यांना दुसरी एक खोड लावली होती, ती म्हणजे लॅमिनेशनची. घर पडलं हे दाखवायला कागद लागायचे, आणि कागद तर पडलेल्या घराखालीच. त्यामुळे काकूंच्या हाती लागलेला कुठलाही कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन यायचा. एका वर्षी त्यांनी मायेने आमच्या सगळ्यांची हॉलतिकिटं लॅमिनेट करून आणली. परीक्षेत पर्यवेक्षकांना सही करायची होती आणि पेन त्या चकचकीत कागदावरून नुसतं घसरत होतं. संध्याकाळी आम्ही तक्रार केली, तर काकू शांतपणे म्हणाल्या, "सही न्हाई झाली, पण भिजलं तरी का तिकीट?"

पत्ते होस्टेलमध्ये आले ते माझ्या खोलीतल्या नांदेडच्या मुलीच्या पेटीतून. जपानी कार्टूनमधले राक्षस होते त्यांवर. आगीचे, पाण्याचे, दगडाचे. प्रत्येकाची ताकद खाली छापलेली. आपला संच आपणच जमवायचा, मैत्रिणींशी अदलाबदल करून वाढवायचा, आणि डाव मांडला की आपले राक्षस पुढे करून समोरच्याचे जीव संपवायचे. काकूंनी झडतीत ते पकडले आणि जप्त केले. आम्हाला वाटलं, गेले. पण रविवारची टेस्ट झाल्यावर त्यांनी आम्हाला खाली बोलावलं. पत्ते सतरंजीवर मांडलेले होते.

"मोबाइल जप्त केला तर मला समजतंय काय केलं ते. ह्येचं काय समजंना. शिकवा मला."

शिकवलं. पहिल्या रविवारी त्या हरल्या, दुसऱ्या रविवारी हरल्या, आणि महिन्याभरात आम्हाला त्यांच्यासमोर बसायची धास्ती वाटू लागली. राक्षसांची जपानी नावं त्यांना जड जायची, म्हणून त्यांनी आपली ठेवली. दगडाचा राक्षस म्हणजे 'होस्टेलमालक', पाण्याचा म्हणजे 'टँकरवाला'. "हा घे टँकरवाला, दोन दिस उशिरा आलाय पण आलाय," असं म्हणत त्या आमचा जीव घ्यायच्या. दया नावाची गोष्ट नव्हती. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "परीक्षेत पुढची पोरगी तुला सोडून राहिली का? मग मी का सोडू?"

स्वतःचा संचही त्यांनी फुकट जमवला नाही. एका पत्त्याला सलवारीची नाडी, एका पत्त्याला केसांना तेल, चांगल्या पत्त्याला आख्ख्या ड्रेसचं फिटिंग. अदलाबदलीचा हा खेळ खरा कुणाला कळला असेल तर तो काकूंना. फक्त माझा आगीचा राक्षस मी त्यांना दिला नाही. वर्षभर त्यांनी त्याच्यासाठी काय काय देऊ केलं! शेवटी स्वेटर विणून देते म्हणाल्या. लातुरात स्वेटर घालून मी जाणार कुठे?

परीक्षा संपली आणि नांदेडच्या एका दुकानदाराने या पत्त्यांची स्पर्धा जाहीर केली. आमच्या भागातली पहिलीच. होस्टेलमधल्या आम्ही तिघींनी नावं दिली आणि काकू सोबत येणार म्हणून निश्चिंत झालो. एसटीत त्यांनी सांगितलं की त्यांनीही नाव दिलंय. आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत मला म्हणाल्या, "माझं नाव आजवर मदतीच्या रांगेतच पुकारलंय बघ. साडीला, पत्र्याला, धान्याला. एकदा खेळायला ये म्हणून पुकारलं पायजे." मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो थोडा वेळ धरू दिला.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. दारातला मुलगा अदबीने म्हणाला, "पालकांच्या खुर्च्या तिकडे आहेत, काकू."

"पालक मी घरी असते. इथं खेळाडू हाय," काकू म्हणाल्या आणि सरळ तपासणीच्या टेबलापाशी जाऊन उभ्या राहिल्या.

तिथे घोटाळा झाला. काकूंनी आपला संच पिशवीतून काढला आणि आम्ही कपाळाला हात लावला. स्पर्धा मोठी म्हणून त्यांनी आदल्याच दिवशी एकूण एक पत्ता लॅमिनेट करून आणला होता. तपासणारा तरुण पुण्याचा होता. त्याने पत्ते पिसायचा प्रयत्न केला, ते फरशीवर घसरले. तो ओशाळून म्हणाला, "सॉरी, पण हे चालणार नाहीत. पिसता येत नाहीत, आणि कडेवरून पाठीमागूनही ओळखू येतात. दुसरे पत्ते असतील तर बघा."

मागे उभी असलेली मुलं आधी हसली. मग, खरंच चांगली मुलं होती, एकेक जण पुढे येऊन म्हणू लागला, "माझ्याकडचे जादा घ्या ना काकू." "हे घ्या, मला नकोच आहेत." हातात पत्ते घेऊन ती मुलं काकूंभोवती उभी राहिली, आणि काकूंचा चेहरा बघता बघता कठोर झाला. कुणाकडे न बघता त्या पालकांच्या खुर्च्यांकडे गेल्या आणि तिथे बसल्या.

मी त्यांच्यापुढे उकिडवी बसले. "काकू, घ्या ना. परत करायचे असतात, उसने म्हणून घ्या."

"नको असलेलं देऊन राहिले ते," त्या म्हणाल्या. "तसलं मी एकदा घेतलंय."

माइकवर सूचना चालू झाल्या होत्या. मला रडू यायला लागलं. माझी स्वतःची पहिली स्पर्धा होती, आणि मला तिचं काही वाटेना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मग पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे. आमच्या दिवसभराच्या जेवणाचा मोठा डबा तीत होता. त्यांनी तो उघडला. धपाट्यांचा वास हॉलमध्ये पसरला.

"ऐका रे पोरांनो," काकूंनी होस्टेलचा आवाज लावला. "एका पत्त्याला एक धपाटं, वर शेंगाची चटणी. पण पत्ता मी निवडणार. मंजूर असंल त्यानं यावं."

रांग लागली! घरून उपाशी निघालेली नांदेड, नायगाव, मुदखेडची पोरं ती. काकू प्रत्येकाचे पत्ते पसरून बघायच्या. "हे लुळंपांगळं भूत नको. ते मागचं दाखव. हां, ह्येला मी दोन देते." ज्यांना आधी नकोसे पत्ते खपवायचे होते, ते आता आपले चांगले पत्ते पुढे करू लागले. पुण्याचा तरुणही आपला खासगी पत्ता घेऊन रांगेत आला. डबा रिकामा झाला आणि काकूंचा संच पुरा झाला. आम्ही अख्खा दिवस केळ्यांवर काढला.

मग त्यांचं नाव पुकारलं. पूर्ण नाव, त्यांचं, नवऱ्याचं, आडनाव. आम्ही ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. काकू शाळेतल्या मुलीसारख्या ताठ उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "हजर!"

त्या दिवशी काकूंसमोर बसलेल्या मुलांची मला आजही कीव येते. त्या खेळता खेळता विचारायच्या, "कितवीला हायस? गणित कसं हाय? पहाटं उठतोस का?" पोरगा गडबडायचा, खाली बघायचा, आणि तेवढ्यात टँकरवाला येऊन त्याचा जीव घेऊन जायचा. एक जण तर हरल्यावर त्यांना वाकून नमस्कार करून गेला. मीही त्या दिवशी बरी खेळत होते. इतकी बरी की शेवटच्या टेबलावर माझ्यासमोर काकू येऊन बसल्या.

हॉल आमच्याभोवती गोळा झाला. डाव लांबला. शेवटी त्यांचा एकच जीव उरला आणि माझ्या हातात आगीचा राक्षस आला. तो टाकला की संपलं. मी काकूंकडे पाहिलं. चटणीचे लाल डाग पडलेला पदर, आणि चेहऱ्यावर असा आनंद की तो मी कधी पाहिला नव्हता. मी आगीचा राक्षस मागे सारला आणि दुसराच एक फुटकळ पत्ता उचलला. मला त्याची आजही लाज वाटत नाही. माझं प्रेम होतं त्यांच्यावर.

पत्ता टेबलावर टेकण्याआधी काकूंनी माझं मनगट धरलं.

"वेणी पुढं घेतलीस तवाच कळलं मला, तुझ्या हातात काय आलंय ते. दान करून राहिलीस का?"

"तसं नाही काकू..."

"मग काय हाय? पोरी, मी धपाटी देऊन आलेय इथं. टाक."

मी टाकला. काकूंचा शेवटचा जीव गेला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकूंनी माझ्या पाठीत असा धपका घातला की मी खोकले. "आत्ता कसं!" म्हणाल्या.

बक्षिसांच्या वेळी दुकानदाराला गहिवरून आलं. दुसऱ्या नंबरचा कप देऊन झाल्यावर त्याने नव्या पत्त्यांची पेटी पुढे केली आणि माइकवर सांगितलं, "आणि हे, या वयातल्या उत्साहासाठी." काकूंनी पेटी परत त्याच्या हातात दिली. "वयाचं बक्षीस नको. नंबराचं मिळालं मला."

मला एमबीबीएस मिळालं नाही. आयुर्वेदाला गेले, आणि आता नायगावला माझा दवाखाना आहे. ते जुनं होस्टेल पाडून तिथे सहा मजली इमारत झाली, काकू निलंग्याला बहिणीकडे गेल्या, आणि दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात नांदेडच्या एका दवाखान्यात वारल्या. त्या गेल्यापासून मी पत्ते खेळलेले नाहीत. समोर कुणी बसावं असं वाटतच नाही.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज दुपारी जायचे. त्यांना पत्ते नीट धरवत नव्हते, म्हणून आम्ही पलंगावर उशी आडवी ठेवून त्यांचे पत्ते तिला टेकवून उभे करायचो. मी डावामागून डाव जिंकत होते. एके दिवशी सलाइन बदलायला आलेल्या सिस्टरला राहवलं नाही. ती मला म्हणाली, "मॅडम, इतक्या आजारी माणसाला एक तरी डाव जिंकू द्या की हो."

काकूंनी आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्या हसल्या, हसताना त्यांना दम लागला, तरी थांबेनात. मग उशीवरचे पत्ते कसेबसे गोळा करून त्यांनी माझ्याकडे सरकवले.

"वाट," त्या म्हणाल्या.