घर नसलेल्या चौकटी

गुलबर्ग्याच्या त्या पाच दिवसांच्या प्रशिक्षणात मी जेवढी अर्धवट झोपले तेवढी लग्नानंतर कधी झोपले नसेन. बिदरहून पहाटेची बस धरायची. हुमनाबादपर्यंत धुकं असायचं, मग ते विरायचं आणि खिडकीबाहेर तुरीची पिवळी फुलं पाण्यासारखी मागं सरकत राहायची. हॉलमध्ये पडदे ओढलेले, प्रोजेक्टर घुमत असायचा. बंगळुरूचे सर कन्नडमध्ये बोलायचे, मी मराठीत लिहून घ्यायची, आणि एखादा शब्द दोन्ही भाषांच्या मधे कुठंतरी तरंगत राहून जायचा.

लाकूडकामाच्या लहान कारखान्यांसाठी होतं ते. धंदा कसा चालवायचा, नवीन गिऱ्हाईक कुठं शोधायचं. सर एकच गोष्ट फिरून फिरून सांगत: ज्याच्या त्याच्या मापानं माल करत बसलात तर तालुक्याबाहेर जाणार नाही. एक माप ठरवा, तेच शंभर वेळा करा, नमुना घेऊन शहरात जा.

मला शहरात जाणं भागच होतं. बिदरजवळच्या कोळारच्या औद्योगिक वसाहतीतला आमचा कारखाना सासऱ्यांनी उभा केलेला. दाराच्या चौकटी हे आमचं मुख्य काम. पूर्वी कमठाण्यापासून औरादपर्यंतचे लोक यायचे. आता बहुतेक जण लोखंडी चौकट बसवतात. नवरा कॉलेजात शिकवतो, त्याला यात रस नाही. चौदा वर्षं मीच बघते. दिरानं सरळ सांगितलं होतं, "वहिनी, संक्रांतीपर्यंत बघा. न्हाई जमलं तर शेड गोदामाला देऊन टाकू." त्याचं चूक नव्हतं. पण शेड गेलं की सात माणसांचं काम जाणार होतं, आणि माझंही. घरी बसून मी काय करणार, हे मला खरंच सुचत नव्हतं.

म्हणून एक नमुना टेम्पोत घालून हैद्राबादला गेले. दोन बिल्डरांनी चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्यानं वीस चौकटींची चाचणी ऑर्डर दिली. सात फूट बाय साडेतीन, सगळ्या तंतोतंत सारख्या. पसंत पडल्या तर सगळ्या इमारतीचं काम आमचं.

आमचे मिस्त्री सासऱ्यांच्या वेळचे. मी त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का. त्यांनी कागद पाहिला आणि विचारलं, "तोंड कुणीकडं हाय?"

आमच्याकडं हे विचारल्याशिवाय चौकटीला करवत लागत नाही. दार कुठल्या दिशेला, घर कुणाचं. मग मिस्त्री बोटांवर काहीतरी मोजतात आणि मापात दोन सूत, चार सूत इकडंतिकडं करतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघत होते, इतकं की ते मला दिसेनासं झालं होतं.

"कागदावर माप हाय अण्णा, तसं करा," मी म्हणाले आणि फोन घ्यायला आत गेले.

चौकटी होत गेल्या तशा अंगणात उभ्या राहिल्या. दुपारी जेवून मी त्यांच्यातून चालायची. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसते उंबरे. एकातून पलीकडचं बाभळीचं झाड दिसायचं, दुसरीतून रस्त्यावरचा ट्रक हळू हळू जायचा. कुणाच्या तरी घरात शिरून, कुणाच्या तरी घरातून बाहेर पडत चालले आहे असं वाटायचं. उन्हात सागाचा वास यायचा. दोनदा तर मी उंबरा ओलांडताना चप्पल काढली.

बिल्डरचा सुपरवायझर परवा दुपारी येणार, म्हणून सकाळी टेप घेऊन बसले. पहिली चौकट सात फूट चार सूत. दुसरी सात फूट सहा. तिसरी रुंदीला जास्त. टेप खोटी असेल म्हणून दुसरी आणली. वीस चौकटी, वीस मापं. वर आतल्या बाजूला बारीक खडूनं दिशा लिहिलेली.

"अण्णा, हे काय करून ठेवलंत?"

"कामून? काय झालं?"

"सगळ्या सारख्या पायजे होत्या की!"

"सारख्या कशा होतील? तुमी तोंड सांगितलं न्हाई. मग मीच एकेक घर मनात धरलं." ते पहिल्या चौकटीजवळ गेले. "हे उत्तरेचं. मागं विहीर हाय."

"कुणाच्या घरामागं?"

"कुणाच्याच न्हाई. मनात धरलं म्हनलो की. हे दोघा म्हाताऱ्यांचं, उंबरा बसका ठेवलाव. आन् हिकडं लेकीसुना लई, म्हणून रुंद."

मी पाहत राहिले. क्षणभर मला ती विहीर दिसली, पायरीवर पालथी घातलेली घागरसुद्धा. मग हातातल्या टेपकडं लक्ष गेलं. सांगितल्यापेक्षा लहान एकही नव्हती, एवढं नशीब. सांधे खुंट्यांचे होते, ते उघडून चौकटी कापता आल्या असत्या.

"उघडा सगळ्या. कागदाच्या मापावर आणा."

"न्हाई. घराचं तोंड ठाऊक न्हाई आन् दार कापू? दुसऱ्या कुणाला सांगा."

दुसरा मिस्त्री आमच्याकडं नव्हता. ओरडून उपयोग नव्हता. मी हैद्राबादला फोन लावला आणि बिल्डरच्या इंजिनिअरला विचारलं, फ्लॅटची तोंडं कुठल्या दिशेला आहेत.

तो हसला. "पूरे ईस्ट-फेसिंग हैं मॅडम. दुसरा लेता कौन यहाँ?"

मी येऊन सांगितलं, "सगळी पूर्वेला."

"वीसच्या वीस?"

"व्हय."

"एकावर एक?"

"एकावर एक."

ते खाली बसले. बोटांवर मोजू लागले, ओठ हलत होते. कागदावरचं माप त्यांच्या हिशेबात बसलं नाही तर काय, हे विचारायची हिंमत नव्हती.

"मग ते एकच घर हाय की, अक्का," ते शेवटी म्हणाले. "आधी सांगावं का न्हाई? बसतंय हे माप." खरोखर बसत होतं की त्यांनी बसवलं, हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग सगळ्या खुंट्या निघाल्या. दोन दिवस अंगणात करवत आणि रंधा यांखेरीज आवाज नव्हता. विहिरीचं घर गेलं, म्हाताऱ्यांचं गेलं. भुसा वाऱ्यावर उडत होता आणि अण्णा एकेक दार पूर्वेकडं वळवत होते.

सुपरवायझरनं तीन चौकटी मोजल्या, मग संशयानं आणखी चार. "बराबर है," म्हणाला आणि ट्रक आत घ्यायला सांगितलं.

आठ दिवसांनी बिल्डरचा फोन आला, सगळ्या इमारतीचं काम आमचं. मी दिराला कळवलं. त्यानं एवढंच विचारलं,

"किती मजले?"

"नऊ."

"बरं," तो म्हणाला. "गोदामवाल्याला न्हाई म्हणून सांगतो मग."