नकलबॉल आणि माझं स्थळ

माझ्यासाठी अमेरिकेतलं स्थळ आलं तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. बडोद्याच्या मराठी मंडळींत या वयाच्या मुलीबद्दल लोक चौकशी करायचं थांबवतात आणि हळहळायला लागतात. मुलगा मूळचा पुण्याचा, नोकरी तिकडे, रजा तीन आठवड्यांची. त्याच्या वडिलांनी पाठवलेल्या माहितीत उंची, गोत्र, शिक्षण सगळं होतं, आणि शेवटी छंदाच्या रकान्यात लिहिलं होतं: बेसबॉल, विशेषतः नकलबॉल. आधीच्या सगळ्या स्थळांनी तिथे वाचन लिहिलं होतं. त्यांतल्या एकानेही काही वाचलेलं नव्हतं, हे मी स्वतः तपासलं होतं.

बाबांना तो ‘विशेषतः’ खटकला. ते कॉलेजात इतिहास शिकवायचे, आणि त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरात मोठे अधिकारी होते. कागद पाहिल्याशिवाय आमच्या घरात कुणाला ताप आलेलासुद्धा मान्य होत नसे. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लायब्ररीतून खेळांचा एक जाडजूड कोश उचलून आणला आणि आम्हाला पाटावर बसवून समजावलं. नकलबॉल म्हणजे असा चेंडू, ज्याला टाकणारा फिरकीच देत नाही. म्हणून तो हवेत डुलत डुलत, सावकाश येतो आणि कुठे वळेल ते टोलवणाऱ्यालाही कळत नाही. हा चेंडू टाकणारे इतिहासात मोजकेच झाले.

“त्यांच्यात श्रेष्ठ कोण, हा खरा प्रश्न,” बाबा म्हणाले.

माझ्या मते खरा प्रश्न मुलगा कसा आहे हा होता. पण मला कोण विचारतंय.

रविवारी तरसालीहून मामा स्कूटरवर आला. आईकडची माणसं संस्थानच्या घोडदळातली. मामा मकरपुऱ्यात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होता, पण बोलायचा अजून घोड्यावर बसल्यासारखा. त्याच्या सोसायटीत नुकतं केबल आलं होतं आणि एका पहाटे त्याने अर्धा तास बेसबॉल पाहिला होता. त्या अर्ध्या तासावर तो पुढे दोन आठवडे जगला.

बाबांनी कोशातला सर्वांत जास्त सामने जिंकलेला गोलंदाज निवडला. त्याचं नाव कुणाच्याच जिभेवर बसेना. फोटोत केस पांढरे दिसत होते म्हणून आम्ही त्याला म्हातारा म्हणायला लागलो. मामाने टीव्हीवर पाहिलेला एक जाडा माणूस उचलून धरला.

“आकडे बघा,” बाबा म्हणायचे.

“भावोजी, आकडे कारकून बघतात. मॅच अडली तर चेंडू कुणाच्या हातात देणार, ते बोला ने.”

“म्हाताऱ्याच्या.”

“मग हरलात, बस.”

मामाने पाहिलेला जाडा नकलबॉल टाकत होता की साधाच चेंडू, याबद्दल मला शेवटपर्यंत शंका होती. ती बोलून दाखवली तेव्हा दोघांनीही, पहिल्यांदाच एकमताने, मला चहा करायला पाठवलं. शेजारचे गुजराती काका एकदा विरजण मागायला आले आणि कुणाच्या बाजूचे आहात असं विचारल्यावर विरजण न घेताच गेले. आई अधूनमधून म्हणायची, “अहो, पुण्याला कुणाला तरी विचारा, मुलगा स्वभावाने कसा आहे.” बाबा म्हणायचे, “विचारू, विचारू,” आणि पान उलटायचे. त्या दोन आठवड्यांत माझ्या होऊ घातलेल्या नवऱ्याबद्दल आमच्या घराने काडीची चौकशी केली नाही.

मुलगा आई-वडिलांसोबत आला. सडपातळ, चष्मा, जरासा बुजरा. बडोद्याचा तो बटाट्याचा ओलसर लीलो चिवडा आणि पोहे झाले. बाबांनी प्रस्तावना न करता विचारलं, “तुमच्या मते श्रेष्ठ कोण?”

त्याला आधी कळेचना. कळल्यावर तो इतका खूष झाला की मला बरं वाटलं. त्याने तिसरंच नाव घेतलं. तो राहतो त्या लहानशा गावाच्या संघात एक गोलंदाज होता. त्याचा चेंडू सगळ्यांत अवघड, पण मोठ्या संघांनी त्याला कधी घेतलंच नाही.

“कोशात नाही,” बाबा म्हणाले.

“नसेल काका. पण मी स्वतः पाहिलंय त्याला.”

“मीपण पाहिलंय,” मामा म्हणाला, “टीव्हीवर.”

“नोंद नाही म्हणजे पुरावा नाही,” बाबा म्हणाले.

मुलाने ताटलीतलं लिंबू उचललं आणि बोटांची नखं त्यावर रोवून चेंडू कसा धरतात ते दाखवलं. बाबांनी लगेच कोश उघडून चित्रातली पकड वेगळी असल्याचं सिद्ध केलं. ज्या माणसाने शंभरदा पाहिलं, त्याला ज्याने एकदाही पाहिलं नाही तो शिकवत होता, आणि मुलगा शांतपणे ऐकून घेत होता. मला शरमेने कुठे जाऊ असं झालं.

म्हणून मी मध्येच तोंड घातलं. “टोलवणाऱ्याला कळत नाही, तर मागे झेलणाऱ्याला तरी कसं कळतं?”

तो माझ्याकडे वळला. “कळत नाहीच,” तो म्हणाला. “त्याला मोठा हातमोजा देतात. तरी निम्मा वेळ बिचारा चेंडूमागे पळत असतो.”

मी हसले, तोही हसला. त्या क्षणी तो मला आवडला. उगाच आडवळणं कशाला, चांगलाच आवडला.

जाताना त्याच्या वडिलांनी सांगितलं, मुलाला मुलगी पसंत आहे, तुमचा विचार आठ दिवसांत लेखी कळवा. आणखी एक स्थळ थांबून आहे, रजाही संपत आली आहे. आई म्हणाली, फोनच करून टाकू. बाबा म्हणाले, फोनवर पुरावे देता येत नाहीत.

त्यांनी पत्र लिहायला घेतलं. चार दिवस लिहिलं. माझं अक्षर चांगलं म्हणून पक्की प्रत मी काढायची ठरलं. सहा पानं. पहिल्या पानावर म्हाताऱ्याची बाजू, मग दोन पानं नोंदी, मग मुलाच्या त्या गावठी गोलंदाजाचं खंडन, आणि मामाच्या आग्रहावरून जाड्याचा एक परिच्छेद. मी लिहीत गेले आणि वाट बघत गेले. सहावं पान संपलं. होकार कुठेच नव्हता.

ते विसरले होते. मनात त्यांनी माझं लग्न लावूनसुद्धा टाकलं असेल, पण कागदावर फक्त म्हातारा होता. मी पानाच्या तळाशी दोन ओळींची जागा मोकळी सोडली. आम्हाला मुलगा पसंत आहे, हे मुलीने स्वतः कसं लिहायचं, मला लाज वाटली. आणि लाजेहून जास्त संताप आला. म्हटलं, यांना आठवू दे की. मी नाही आठवण करून देणार. बाबांनी चष्मा चढवून सगळं वाचलं, शाब्बास म्हणाले, आणि त्या मोकळ्या जागेत ऐसपैस सही केली. पाकीट कुरियरवाल्याकडे मीच नेऊन दिलं.

उत्तर पंधरा दिवसांनी आलं. बाबांनी मोठ्याने वाचलं. सविस्तर पत्राबद्दल आभार. त्यात होकार न दिसल्याने आपला विचार नसावा असे समजलो. चिरंजीवाचा विवाह अन्यत्र निश्चित होऊन पार पडला. खेळाविषयीचे आपले मुद्दे त्याला दाखवले, त्याला ते मान्य आहेत.

‘मान्य आहेत’ म्हणताना बाबांचा चेहरा क्षणभर उजळला, खोटं कशाला सांगू. मग ते पुन्हा मधल्या ओळीवर गेले. आई पदर तोंडाला लावून आत निघून गेली. बाबांनी कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली.

“अगं, पण पक्की प्रत तू काढलीस,” ते म्हणाले. “तुला दिसलं नाही?”

“दिसलं होतं.”

बाबांनी चष्मा काढून पत्रावर ठेवला. वाद घालतील असं मला वाटलं. पण त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला पुढे वाकावं लागलं.

“तुला तो पसंत होता का?”

हा प्रश्न त्या घरात मला पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. “होता, बाबा,” मी म्हणाले.