लिंबाखालचे तीन-दोन-पाच

कोणी चौथा मनुष्य येऊन उभा राहिला की चाचा पत्ते पिसता पिसता थांबत, उजव्या हाताची तीन बोटे वर करीत आणि अत्यंत अदबीने म्हणत, "तीनच, हुजूर. तीनच."

निजामाच्या अमदानीत ज्या वाचकांना अर्जफाट्यासाठी हिंगोलीच्या कचेरीत यावे लागले, त्यांनी चाचांना अवश्य पाहिले असेल. आवारातील लिंबाच्या झाडाखाली, माझ्या बैठकीच्या डाव्या अंगास, ते स्टांपाची पत्र्याची पेटी घेऊन बसत. मेंदीने रंगविलेली दाढी, कानात अत्तराचा फाया, आणि स्टांप फाडताना जीभ किंचित बाहेर. सारे गाव त्यांना चाचा म्हणे. माझा व्यवसाय अर्जनविसाचा. शिक्षण परिस्थितीवशात मध्येच खुंटले. तथापि माझा मसुदा वरिष्ठांनी परत केला असे क्वचितच घडले, हे येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. चाचा मला 'मुन्शीजी' म्हणत. इतरही म्हणत, परंतु त्यांच्या मुखी त्या शब्दाला जो भार येई, तो अन्यत्र येत नसे.

दुपारी अंमलदार जेवावयास गेले की आवार ओस पडे. आगगाडीला अवकाश असल्याने नरसीचा दगडू आपला टांगा लिंबाच्या सावलीत सोडी. मग चाचा गोणपाट अंथरीत आणि तीन-दोन-पाचाचा डाव मांडला जाई. टांगेवाल्याच्या मांडीला मांडी लावून बसणे माझ्या दर्जास शोभेल काय, असा किंतु प्रारंभी माझ्या मनात होता. चाचांनी तो ओळखला.

"मुन्शीजी, आप इधर बैठो. गोणपाटाचं वरचं टोक तुमचं."

गोणपाटाला वरचे टोक कोणते, हे मी विचारले नाही. त्या दिवसापासून तेथेच बसू लागलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तिघांना दहा दहा पाने. हुकूम बोलणाऱ्याने पाच हात करावयाचे, पाने वाटणाऱ्याने दोन, उरलेल्याने तीन. आणि दर डावाला ही कामे फिरत जातात. ज्याचे हात कमी पडतील, त्याच्याकडून पुढच्या डावात जास्त हात करणाऱ्याने न पाहता एक पान ओढावयाचे आणि बदल्यात आपल्याकडचे कोणतेही पान द्यावयाचे. शहाणा मनुष्य अर्थातच हलके पान देतो. मी नेहमी सत्ती-अठ्ठीच देत असे. नियम तो नियम.

चाचा मात्र राजा देत. कधी कधी एक्कासुद्धा.

दगडूला हे मुळीच खपत नसे. "काहून देता हो चाचा एक्का? मला काय भीक वाढून राहिले?"

"अरे बावा, तेरे हाथ में दम नै रहा तो मैं खेलूं किससे? मुन्शीजीसे अकेला?"

"मंग हरताल ना!"

"हौ. हरूंगा," चाचा आनंदाने म्हणत, आणि खरोखरच हरत.

एकदा पेशकार साहेबांना खेळावयाची लहर आली. पेशकार म्हणजे अंमलदारापुढे कागद मांडणारा कारकून, आमच्या आवारातील प्रत्यक्ष सरकार. चाचांनी नेहमीप्रमाणे तीन बोटे वर केली. पेशकार हसून म्हणाले, "चौघांचा दुसरा खेळ मांडू. जोड्या करू."

चाचांचा चेहरा उतरला. "चार में जोडी पडती, हुजूर. जोडी पडी की इधरवाले, उधरवाले. मग खेळ राहत नै."

एवढे बोलून ते उठले, आपली पाने त्यांनी पेशकारांच्या हाती दिली आणि स्वतः उकिडवे बसून प्रत्येक हाताला "वाह, हुजूर!" म्हणत राहिले. पेशकार सपाटून हरले आणि पुन्हा त्या झाडाकडे फिरकले नाहीत. "बडे लोगांना सावली लवकर लागते," असे म्हणून चाचांनी आपली जागा परत घेतली.

पुढे मात्र 'इधरवाले, उधरवाले' ही भाषा साऱ्या मुलखातच सुरू झाली. त्या वर्षाचे वर्णन मी करणार नाही. वाचकांनी ते स्वतः पाहिले आहे. बाजारात माणसे एकमेकांच्या टोपीकडे पाहून आवाज लहान-मोठा करू लागली. पक्षकार मला कानाशी लागून विचारीत, "मुन्शीजी, अजून त्याच्याच संगं बसता?" दगडूला नरसीत भावकीने बजावले होते, तर चाचांच्या मेहुण्याने त्यांच्याशी बोलणे टाकले होते. कोणीतरी एकाने यावयाचे थांबावे, म्हणजे डाव आपोआप मोडेल, अशी जणू साऱ्या गावाची इच्छा होती.

एके दिवशी दुपारी दगडू खरोखरच आला नाही. चाचांनी गोणपाट अंथरले, पाने पिसली आणि तीन वाटण्या केल्या. दोघांनी आपापली पाने उचलली. तिसरी पालथी तशीच राहिली.

मी म्हणालो, "चाचा, तो येईल असे दिसत नाही. भावकीपुढे त्याचे तरी काय चालणार?"

"आपकी उतारी है, मुन्शीजी. पान सोच के रखो."

"परंतु तिसऱ्याशिवाय उतारी कशी करू?"

"इसलिएच बोला, सोच के."

मी हातातील पानांकडे पाहत बसलो. चाचा फाटकाकडे पाहत बसले. त्यांच्या ओठांवरील विड्याचा रंग केव्हाच सुकला होता. बऱ्याच वेळाने घुंगरांचा आवाज आला. दगडूने घोडा बांधला, तोंडावरचा घाम पुसला आणि आमच्याकडे न पाहताच तो मांडी घालून बसला.

"उचला की! कोनाची वाट पाहून राहिले?"

"तेरे घोडे की," चाचा म्हणाले, आणि त्यांनी तोंड फिरवून पेटीचे कुलूप उगाचच तपासले.

नंतर निजामाचे राज्य गेले. कचेरीतील अंमलदार बदलले. चाचांच्या स्टांपविक्रीच्या परवान्याचे काय होणार, हे कोणी सांगेना. त्यांच्या केसाला कोणी धक्का लावला नाही, हे आमच्या गल्लीचे भाग्य. पण हैदराबादेस दिलेली त्यांची एकुलती एक लेक निरोपावर निरोप धाडू लागली. अखेरीस जावईच न्यावयास आला. मी चाचांना बाजूस घेऊन म्हणालो, "आपण जाऊ नका. मी असा अर्ज लिहितो की परवाना कायम झालाच पाहिजे."

ते हसले. माझ्या खांद्यावर त्यांनी यापूर्वी कधी हात ठेवला नव्हता. त्या दिवशी ठेवला.

"क्या लिखोगे, मुन्शीजी? की तिघांतला एक कमी पडून राहिला?"

मी पुष्कळ अर्ज लिहिले आहेत. जमिनीचे, वारसाचे, गुरांच्या चोरीचे. त्या एका वाक्यापुढे कोणते कलम जोडावे, हे मला सुचले नाही.

स्टेशनवर त्यांना दगडूनेच नेले. पुढे दगडूशेजारी मी. मागे चाचा, चाची आणि ट्रंक. जावई आधीच तिकिटासाठी गेला होता. उतरल्यावर चाचांनी दगडूच्या घोड्याच्या मानेवर हात फिरवला. "इसको जादा मत दौडा. बुड्ढा हो रा." दगडू म्हणाला, "व्हय." गाडी सुटली तेव्हा ते खिडकीत दिसले, पण गर्दीत त्यांची नजर आमच्यावर होती की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

परतताना मी सवयीने पुढेच बसलो. थोडे अंतर गेल्यावर दगडूने लगाम ओढला.

"मुन्शीजी, तुमी मागं बसा. मागं कोनी न्हाई तं सारं वजन घोड्याच्या पाठीवर येऊन राहिलं."

टांग्यात मागे बसणे मी आजवर कमीपणाचे मानीत आलो होतो. मी उतरलो आणि मागे जाऊन बसलो. टांगा सावरला. मागच्या बैठकीवर बसणाऱ्याचे तोंड उलटे असते. त्यामुळे घर जवळ येत असताना मला मात्र तो स्टेशनचा रस्ताच दिसत राहिला, लांब लांब होत गेलेला.