हिरवं पाणी आणि दहाव्याला दिलेला शब्द

आज पार्सल आलं. झाडांच्या खताची बाटली चारशे वीस, पाणी तपासायच्या पट्ट्या तीनशे दहा, लांब चिमटा एकशे नव्वद.

मागवणारा माणूस आता नाही.

मी त्यांची बायको. त्यांच्याच प्रोफाइलवरून लिहितेय, कारण काचेच्या टाकीत झाडं लावणारे त्यांचे मित्र सगळे इथंच आहेत. दहावीपर्यंत शिकले आहे, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना कळलं नसेल त्यांना सांगते. नेकनूरच्या दुकानातून जेवायला घरी आले, छातीत जळजळतंय म्हणाले. अंबाजोगाईला नेलं. डॉक्टरांनी बघितलं आणि मान हलवली.

असाच चिमटा मागं एकदा आला होता. मला साठ रुपये सांगितले होते.

समोरच्या खोलीत त्यांची टाकी आहे. पाणी इतकं निवळशंख की पाहुणे काचेला नाक लावून बघायचे, पाणी आहे की नाही.

मी चिडायचे. आपण टँकरचं पाणी मोजून वापरायचं आणि माशांना दर रविवारी ताजं?

"अगं, जुनं तुळशीला घाल की. माशाची घाण हे झाडाचं जेवण हाय. झाड नीट जेवलं की पाणी निवळ. उरलं की मग शेवाळ खातंय."

ते गेले त्या दिवशी त्यांच्या जागेवर दिवा लावला. जेवणं झाल्यावर मी टाकीचा लाईट बंद करायला उठले, तर सासूबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे गं. माझ्या लेकाच्या घरात अंधार करू नको."

दिव्याबरोबर तो लाईटही रात्रंदिवस चालू राहिला.

भेटायला येणारा प्रत्येकजण माशांना कणकेची गोळी टाकायचा. गेलेल्याच्या नावानं पुण्य.

कुणाला नको म्हणणार? मीही टाकली.

तेराव्यापर्यंत पाणी हिरवंगार झालं. मासे दिसत नाहीत. सकाळी तेवढे वर येऊन तोंडं उघडतात. काल दोन गेले.

नुसत्या माशांचा प्रश्न असता तर मी तुम्हाला त्रास दिला नसता.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना.

मोठे दीर म्हणाले, "तुझ्या पोरीचं लग्न माझ्याकडं लागलं." शिवेना.

सासूबाई म्हणाल्या, "सुनेला अंतर देणार न्हाई." कावळा झाडावरच.

ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात धाकटे दीर हळूच म्हणाले, "वहिनी, त्या माशाचं बोला की एकदा."

दोघंतिघं हसले.

मी हात जोडले. "तुमची टाकी मी सांभाळीन."

कावळा आला.

आता सांगा, हा शब्द मी कसा मोडू? त्यांचा जीव कशात अडकला होता ते सगळ्यांनी बघितलंय.

धाकटे दीर म्हणतात, "तुरटी फिरवा, टँकरच्या पाण्याला फिरवतो तशी. सकाळपर्यंत निवळंल." सासूबाई म्हणतात, सगळं उपसून नवीन भर.

आज मी लाईट बंद केला आणि कणीक बंद केली. तेव्हापासून सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. लेकाचा दिवा सुनेनं विझवला म्हणून शेजारी सांगितलं.

मला तीन गोष्टींचं उत्तर पाहिजे.

तुरटी चालते का?

पाणी सगळं बदलू का थोडं थोडं?

झाडांची पानं पिवळी पडलीत. हे खत आत्ता घालू का थांबू?

उद्या नळाला पाणी येणार आहे. बादल्या रिकाम्या करून ठेवल्यात. ज्याला माहीत आहे त्याने या पोस्टखाली आजच लिहा.

श्रद्धांजली नंतर वाहा. आधी पाण्याचं सांगा.