मोटेच्या चामड्याचा ब्रेक

"ऐका हो ऐका! प्रकाशा गावच्या तमाम लहानथोरांस अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, मोतीआप्पांच्या मोटारीच्या मागच्या चाकातून खर्रर्र असा आवाज येऊ लागला आहे. तरी आप्पा गाडी काढतील तेव्हा तापीच्या उतारावर कोणी बसू नये, म्हैस बांधू नये, आणि हसू तर मुळीच नये हो ऽऽ!"

ही दवंडी मी रचलेली नाही. आप्पांनी कोतवालाला ओट्यावर बसवून, चहा पाजून, शब्द न् शब्द पढवून ती खरोखर पिटवली होती. त्यांची ती खोडच होती. म्हैस व्याली, दवंडी. विहिरीला पाणी लागलं, दवंडी. मी त्यांच्या शेजारचा, गावच्या शाळेत नुकताच लागलेला. मला म्हणायचे, "मास्तर, गावले सांगेल बरं ऱ्हास. मंग कोनी मांगून बोलत नही."

एका गोष्टीची दवंडी मात्र त्यांनी पिटवली नाही. त्यांच्या बायकोच्या, जिजीच्या पोटात गाठ होती. नंदुरबारच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की पाऊस लागायच्या आत आणा, कापून काढू. पण बैलगाडीतून आणू नका, हिसक्यांनी भलतंच होईल. जिजीला विचारावं तर ती पदर खोचून म्हणे, "माले काय व्हयेल शे? मी बरी शे." आणि भिंतीला धरून आत जाई.

म्हणजे सगळी भिस्त त्या मोटारीवर. मोटार जुनी, ब्रेक मागच्या दोन चाकांनाच, हातब्रेकही त्याच चाकांचा. नंदुरबार तापीपलीकडे. उन्हाळ्यात काठावरून सरळ वाळूत उतरायचं आणि पलीकडे बैलांनी गाडी ओढून काढायची. ब्रेकशिवाय तो उतार म्हणजे थेट डोहच.

आप्पांनी अंगणातच दवाखाना मांडला. गाडी पुढंमागं ढकलायची आणि अख्ख्या आळीनं आळीपाळीनं चाकाला कान लावायचा. कोणी म्हणे खडा अडकला, कोणी म्हणे दृष्ट लागली. मी विद्वत्तापूर्ण चेहरा करून "आस वाकडा असावा" म्हणालो. आप्पा म्हणाले, "मास्तर, तू पोरेस्ले पाढा शिकाड!"

दारात बसलेली जिजी तेवढ्यात म्हणाली, "घट्यामा दाना नही शे. दगडवर दगड घासाई ऱ्हायना."

जन्मभर जातं ओढलेली बाई ती. आप्पांनी गाडीखाली टेकू दिला, चाक काढलं, ब्रेकवरचं लोखंडी भांडं ठोकून ठोकून सोडवलं. आत खरंच दाणा नव्हता! ब्रेकच्या कमानीवरची, भांड्याला घासून चाक थांबवणारी पट्टी झिजून नाहीशी झाली होती आणि रिव्हेटांची डोकी भांड्याला चरे पाडत होती. दुसऱ्या चाकातही तेच. काळा भुगा आप्पांच्या मिशांवर बसला.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. नवी पट्टी सुरतेला नाही, मुंबईला नाही. आप्पा दोन दिवस ओट्यावर झिजलेली कमान उलटसुलट करत बसले. मग एकदम उठले आणि विहिरीवरची जुनी मोट खांद्यावर टाकून आणली. पाणी उपसून उपसून घट्ट झालेलं, बोटभर जाडीचं चामडं! "हाई फाटाव नही," आप्पा ओरडले. कमानीच्या मापानं पट्ट्या कापल्या, तांब्याचे रिव्हेट ठोकले, डोकी चामड्यात खोल बसवली. काम असं देखणं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आणि मग विहीरवाल्या माणसानं जे केलं असतं तेच त्यांनी केलं. कोरडं चामडं तडकतं. नवी मोट विहिरीत सोडायच्या आधी तिला तेल पाजायचंच, हे त्यांच्या हाताला शेंबड्या वयापासून ठाऊक. आप्पांनी एरंडेल गरम केलं आणि पट्ट्यांना पोटभर पाजलं. भोवती सात-आठ जाणते शेतकरी उभे. "आखो पाज, आप्पा," ते म्हणाले. "कंजुशी नको करू."

सकाळी काठावर गाव लोटलं. जिजीला बाजेवर बसवून आणलं होतं. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर गाठोडं. आप्पा म्हणाले, "पहिलंग मी रिकामी गाडी उतारी पाहस. मंग तुले बसाडस." पेट्रोल वाचावं म्हणून त्यांनी इंजिन बंद केलं आणि गाडी उतारावर सोडली.

खर्रर्र नाही. चूंसुद्धा नाही. "आवाज गया! आवाज गया!" लोक नाचू लागले. आप्पांनी खिडकीतून हात हलवला. मग तो हात आत गेला आणि ब्रेक दाबदाबून त्यांचे दोन्ही गुडघे वरखाली होताना दिसू लागले. मोटार राजेशाही शांततेत वाळू ओलांडून गेली आणि डोहात शिरली. टोपी तेवढी वर आली, तिच्यामागून आप्पा.

तेल प्यालेलं चामडं भांड्याला धरतच नव्हतं, नुसतं घसरत होतं. गाडी पुढे बैलांनी ओढून काढली. ती पुन्हा सुरू झाली नाही. जिजी मृगाच्या आधी गेली, घरातच. त्यानंतर आप्पांनी कधी दवंडी पिटवली नाही. नातू झाला तेव्हा कोतवाल आपणहून आला. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पण मला आप्पा आठवतात ते त्या सकाळचे. कमरेइतक्या पाण्यात उभे, मिशांतून पाणी गळतंय, आणि सवयीनं हात उंचावून गावाला सांगताहेत, "काही नही व्हयनं! मी साबूत शे! हसा रे, हसा!" आणि आम्ही हसलो. पोट धरधरून हसलो.

तेवढ्यात बाजेवरून, अख्ख्या गावासमोर, जिजी ओरडली, "आहो, माले इतल्यामा मरनं नही शे!"