मनोहरभाऊंचा अंगठा आणि आमचं टचपॅड

आमच्या वर्कशॉपमध्ये किस्से कोणी ठरवून गोळा केले नाहीत. जो येऊन गेला, तो एखादा ठेवून गेला, बस. त्या तीन आठवड्यांत यातल्या एकावरही मला हसू आलं नव्हतं, खोटं कशाला सांगू! आता येतं, कारण आता जीव भांड्यात पडलाय.

तर चंद्रपूरला आमचं तीन माणसांचं वर्कशॉप. आम्ही व्हिडिओ गेमचे कंट्रोलर बनवतो, दोन्ही हातांत धरून अंगठ्यांनी खेळायचे ते. मी पल्लवी, निखिल माझा पार्टनर, आणि लक्ष्मी, जिच्याइतकं साफ सोल्डरिंग आम्हा दोघांनाही जमत नाही. एका ट्रेनिंग सेंटरला कंट्रोलर हवे होते. तिथे कोळसा खाणीतलं शॉवेल, म्हणजे ते बकेटवालं अवाढव्य मशीन, आधी गेमवर शिकवतात. त्यांचे साहेब तीन आठवड्यांनी स्वतः पाहायला येणार होते.

निखिल म्हणे टचपॅड लावू, मी म्हणे जॉयस्टिक. शेवटी दोन्हींचा एकेक नमुना केला. साहेबांनी फोनवर "काहीतरी मॉडर्न दाखवा" म्हटल्यापासून निखिल हवेतच होता. आणि साहेबांना काहीच पसंत पडलं नाही, तर शटर खाली आणि मी पुण्याला नोकरीवर. भद्रावतीहून आई रोज फोन करायची, "तुयी बॅग काढून ठेवू का?" मला पुण्याला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं.

*

पहिला नमुना दाखवला मनोहरभाऊंना. तीस वर्षं शॉवेल चालवून रिटायर झालेला माणूस, आमच्या मागच्या गल्लीत राहतो. निखिलनं कौतुकानं टचपॅड हातात दिलं. भाऊंनी अंगठा फिरवला. पडद्यावरचं बकेट ढिम्म हललं नाही. पुन्हा फिरवला. ढिम्म.

निखिलनं फिरवला की चालायचं. भाऊंनी फिरवला की बंद. तीस वर्षं लिव्हर धरून अंगठ्याची कातडी अशी टणक झालेली, की टचपॅडला तो अंगठा वाटेचना.

"भाऊ, जरा हलक्या हातानं करा ना," निखिल म्हणाला.

"हात हलकाच आहे बाबू. पेन्शनच्या मशीनचंही असंच आहे. दरसाली मले तिथं चारदा अंगठा घासून सांगा लागते, का मी जिवंत आहो म्हणून."

त्या दिवशी मी निखिलला माझ्या वाटणीचा समोसाही दिला, इतकी खूश होते.

*

खुशी चार दिवस टिकली. पाचव्या दिवशी माझी जॉयस्टिक बिघडली. कोणी हात लावलेला नसताना पडद्यावरचं शॉवेल आपलं डावीकडे फिरून राह्यलं. गोल गोल. निखिल खुर्ची ओढून समोर बसला आणि बघत राहिला, पिक्चर लागल्यासारखा.

उघडून पाहिलं तर आत काळी धूळ. चंद्रपूरची धूळ ती, कुठेही शिरते. मला रडू यायचं बाकी होतं.

मनोहरभाऊंनी नुसती नजर टाकली. "खालून उघडीच ठेवली काऊन? आमच्या लिव्हरले रबर राह्यते ना." बाहेर गेले, सायकलवाल्याकडून फाटकी ट्यूब आणली, कात्रीनं गोल तुकडा कापला, मधोमध भोक पाडलं, आणि आतली धूळ फुंकून तो दांडीवर बसवला. शॉवेल जाग्यावर थांबलं.

निखिल म्हणाला, "पण हे दिसायला मॉडर्न नाही दिसत."

भाऊ म्हणाले, "खाणीत कोन पाहाले येते?"

*

मग लक्ष्मीचे वडील आले, सिरोंचाहून. गोदावरीवर मासे धरणारा माणूस. लेकीला भेटायला सुकट घेऊन आले होते. मी म्हटलं, चला, नवीन हात मिळाला. जॉयस्टिक दिली.

डावीकडे खोदायचं, तर ते बकेट उजवीकडे नेत. उजवीकडे जायचं, तर डावीकडे. दरवेळी. निखिलच्या चेहऱ्यावर दिवाळी! मी लक्ष्मीकडे पाहिलं. तिनं सांगितलं, "ताई, नान्ना नावेत मागं बसतात. वल्हं डावीकडं दाबलं की नाव उजवीकडं जाते. हाताला तेच माहीत."

नान्ना म्हणजे तिचे बाबा. लक्ष्मीनं त्यांच्या हातातला कंट्रोलर घेतला, पुढचं मागं करून परत दिला. आणि काय सांगू, माणसानं पाच मिनिटांत सगळा ट्रक भरला.

मी म्हटलं, "जमलं ना नान्ना!"

"जमलं," ते म्हणाले. "पहिलं तुमी उलटं बनवलं होतं."

*

निखिलच्या बाजूनंही एकजण लढून गेला, नाही असं नाही. वडशाचा त्याचा मामा. थंडीत झाडीपट्टीच्या नाटकांत खलनायक असतो, आणि बाराही महिने खर्रा खातो. सुपारी-तंबाखू पन्नीत घालून तळहातावर घोटायची, हा त्याचा दिवसभराचा उद्योग. टचपॅड हातात आलं आणि मामाचा अंगठा आपोआप सुरू झाला. इतका सफाईदार अंगठा मी आजवर पाहिला नाही. तीन आठवड्यांतला सगळ्यात जास्त स्कोअर मामाचा!

"बघ," निखिल म्हणाला, "टचपॅडचा काही दोष नाही. प्रॅक्टिस पाहिजे."

"मग सेंटरला काय लिहून देऊ? प्रत्येक टचपॅडसोबत खर्ऱ्याची एक पुडी?"

मामा म्हणाला, "दोन लिहा. एक शिकवणाऱ्या सरांची."

त्यानंतर निखिल आणि मी दोन दिवस एकमेकांशी बोललो नाही. जे काय बोलायचं ते लक्ष्मीमार्फत. तिसऱ्या दिवशी लक्ष्मीनं दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाली, "मी सोल्डरिंग करू का पोस्टमनकी करू?"

*

आणि साहेब आले. सकाळी अकराला, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. केस पिकलेले, खाणीतूनच वर चढलेला माणूस. आम्ही प्रोजेक्टर लावून पूर्ण भिंतीवर शॉवेल दाखवलं होतं. चालवायला मनोहरभाऊ, अंगठा तीन दिवस खोबरेल चोळून मऊ केलेला.

आधी टचपॅड. निखिलनं आदल्या दिवशीच त्यात एक नवी सोय घातली होती. बोट उचललं तरी बकेट थोडं पुढे सरकत राहायचं, मोबाईलवर यादी सरकते तसं. भाऊ छान चालवत होते. साहेबांना काहीतरी दाखवायचं होतं, म्हणून ते उठून थेट भिंतीपाशी गेले, बकेटच्या वाटेत.

मशीनसमोर माणूस आला की आधी हात सोडायचा, ही भाऊंची तीस वर्षांची सवय. त्यांनी झटकन दोन्ही अंगठे वर केले. बकेट थांबलं नाही. सरकत सरकत साहेबांच्या पांढऱ्या शर्टावरून गेलं. आणि साहेब, एवढा मोठा माणूस, डोकं धरून खाली बसले.

कोणी हसलं नाही. निखिलचा चेहरा पांढराफटक. मला तर पुण्याची बॅगच दिसायला लागली.

साहेब उठले, शर्ट झटकला. त्याच्यावर काहीच नव्हतं, तरी झटकला. "दुसरं लावा," म्हणाले, आणि तिथून हललेच नाहीत.

लक्ष्मीनं जॉयस्टिक जोडली. भाऊंनी बकेट वर उचललं, फिरवत आणलं, साहेबांच्या डोक्यावर येताच अंगठे सोडले. दांडी आपोआप मधोमध आली. बकेट तिथेच थांबलं.

"पुन्हा," साहेब म्हणाले. पुन्हा थांबलं. पाच वेळा करायला लावलं, पाचही वेळा थांबलं. मग साहेबांनी खुर्ची मागवली, भिंतीला टेकवून बकेटच्या बरोबर खाली ठेवली, बसले, आणि लक्ष्मीला म्हणाले, "आता चहा द्या."

चहाचा कप ओठाला लागतो न लागतो तोच मनोहरभाऊ उभे राहिले.

"साहेब, तुमी मोठे असान. पन बकेटच्या खाली बसून चहा नाई पिवाचा. उठा तिथून."

साहेबांनी कप खाली घेतला. वर भिंतीकडे पाहिलं. मुकाट उठले, स्वतः खुर्ची उचलून पार खिडकीपाशी नेली, आणि तिथे बसून मला विचारलं, "हे जॉयस्टिकवाले चाळीस कंट्रोलर, कधी देता?"