मालतीताईंना नको असलेला आकडा

मालतीताईंच्या यजमानांचा फोन आला तेव्हा मी डाळ निवडत बसले होते. "ती गेली गं," एवढंच ते म्हणाले. सकाळचा चहा घेताना छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... याला आता पाच आठवडे झाले. रडून झालंय. उरलाय तो राग, आणि तो झाकून त्यांच्याबद्दल लिहिणं मला जमणार नाही.

पनवेलच्या एका माती-खत प्रयोगशाळेत आम्ही कितीतरी वर्षं एकत्र होतो. त्या शास्त्रज्ञ, मी त्यांची साहाय्यक. शेणखतातलं नत्र, म्हणजे पिकाला हिरवं ठेवणारा त्यातला खरा जीव, शेतात पोचेपर्यंत किती वाया जातं, हे त्या मोजत. नुसतं एकदा नाही. त्याच गोठ्यांवर, त्याच ऋतूंत, वर्षामागून वर्षं. इकडे जासई-गव्हाणची खारी हवा, तिकडे घाटावरची कोरडी गावं. गोबरगॅसच्या मळीवर, म्हणजे टाकीतून बाहेर पडणाऱ्या पातळ शेणावर, त्या प्लास्टिकची बादली उपडी घालायच्या, आत आम्लाची वाटी. मळीतून उडालेला वायू त्या वाटीत अडकायचा. पदर खोचून शेणात गुडघे टेकून बसलेल्या या बाईला लोक आधी हसायचे, मग चहा आणून द्यायचे.

त्यांना जे सापडलं ते साधं होतं. घाटावर उन्हाळ्यात मळी उघड्यावर वाळवली की नत्र वाऱ्यावर जातं. तिथे ती पाचटाखाली झाकायला हवी. आपल्याकडे पावसात तेच नत्र खड्ड्यातून झिरपून विहिरीत उतरतं. इथे हवा पक्का ओटा आणि वर छप्पर. रोग वेगळा, औषध वेगळं. पण आमच्या साहेबांना शेतकऱ्यांसाठी पुस्तिका काढायची होती.

"राज्यासाठी एक आकडा द्या," साहेब म्हणाले.

"साहेब, राज्यात एकच गाय आहे का?" ताईंनी विचारलं.

साहेब हसले. आणि सरासरी काढली. त्या सरासरीत घाटावरचा वारा इकडच्या आकड्यांनी पातळ झाला आणि इकडचा पाऊस तिकडच्या. नुकसान बेताचंच आहे, असं दिसायला लागलं. पुस्तिकेत सगळ्यांना एकच सल्ला: मळी उघड्यावर वाळवा. खाली ताईंचं नाव. नाव काढा म्हणून त्यांनी दोनदा लेखी दिलं, ते निघालं नाही. आणि हे लिहायलाच हवं, तो सरासरीचा तक्ता मी टाइप केला होता. ताई शेजारच्या टेबलावर होत्या. काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढच्या खरिपात आम्ही जासईला हिराबाईंकडे गेलो, त्यांच्या गोठ्यावर ताई पहिल्यापासून मोजत. खाडीकाठचा शेताचा एक तुकडा त्यांनी अजून राखलेला. भात पिवळा पडला होता.

"तुमचे पुस्तकापरमानंच केला, ताई," हिराबाई म्हणाल्या. "नाव तुमचाच हाय ना त्याच्यावर?"

ताईंनी हात जोडले. "माझं चुकलं, हिराबाई." एका शब्दानं त्यांनी साहेबांचं नाव घेतलं नाही. परतताना गाडीत मी चिडून म्हटलं, "तुमचं काय चुकलं?" त्या म्हणाल्या, "नाव माझं आहे ना..." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत आणि नंतरही त्या सुटीच्या दिवशी स्वतःच्या पिशवीत बादली घालून मोजायला जात राहिल्या. तेवढ्या काळात कितीतरी गोठे कंटेनरच्या यार्डांखाली गेले. गुरं विकली गेली. त्या मात्र उरलेल्या गोठ्यांवर जातच राहिल्या.

कार्यालयात शोकसभा झाली. साहेब आता वरच्या पदावर आहेत, आवर्जून आले होते. "मालतीताईंनी दिलेला आकडा आम्ही आजही वापरतो," ते म्हणाले आणि लोकांनी माना डोलावल्या. मी खुर्चीत बसून राहिले. सभा संपल्यावर ताईंच्या मोजणीच्या वह्या बघायला कपाटाकडे गेले तर कपाट रिकामं. रंगकामाच्या वेळी जुने कागद रद्दीत दिले म्हणे.

"अहो, सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे," साहेब म्हणाले.

"सगळं नाही. फक्त सरासरी आहे," मी म्हटलं. "पंधरा वर्षांपूर्वीचा वारा आता कुठून मोजायचा? तुम्ही त्यांना दोनदा मारलंत, साहेब." माझा आवाज चिरकला होता. साहेब घड्याळ बघून निघून गेले.

मग मला आठवलं, की मोजणी झाली की ताई त्या दिवसाच्या पानाची कार्बन प्रत गोठेवाल्याला द्यायच्या. "शेण त्यांचं, आकडेही त्यांचे," म्हणायच्या. गेले तीन आठवडे मी त्या प्रती शोधत फिरतेय. बरीच घरं पडलीत, बऱ्याच प्रती गेल्यात. घाटावरून काही मिळाल्या, गव्हाणहून दोन. साऱ्या वर्षांची तुलना आता होणार नाही, हे मला कळतं. तरी शोधतेय.

परवा हिराबाईंकडे गेले. रेशनकार्डाच्या पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला, पण हातात देईनात.

"ह्यो मी नाय देनार. हितंच बसून उतरून घे."

मी ओट्यावर बसून उतरवायला लागले. तारीख, हवा, वारा खाडीकडून... आणि तळाला शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी. मी थांबले.

"काय लिवलाय?" हिराबाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नाही.

मी वाचलं: "खड्ड्याची जागा हिराबाईंच्या सांगण्यावरून बदलली. त्यांचंच बरोबर निघालं."

हिराबाईंनी पदरानं हात पुसले. मग माझ्या शेजारी टेकल्या.

"परत वाच," म्हणाल्या.